‘दगड सुटला’ असं सांगू का?

पत्र, थोडक्यात: आमच्या गिर्यारोहण संस्थेत चाळीसेक जण नेहमी डोंगरात असतात. तीन आठवड्यांपूर्वी एका सुळक्याची मोहीम आटोपताना आमचा सगळ्यांत जाणता प्रस्तरारोहक गेला. चौदा जण उतरले होते, तो लास्ट मॅन, म्हणजे सगळ्यांत शेवटी उतरणारा. २८ मीटरच्या टप्प्यावर ६० मीटरचा रोप दुहेरी टाकून तो निघाला. रोपच्या मध्यावरची खूण धुऊन धुऊन पुसट झाली होती. एक टोक आखूड पडलं, टोकाला गाठ नव्हती, डिसेंडरमधून (कमरेला अडकवलेलं, उतरताना रोपवर वेग आवरणारं साधन) रोप निसटला. खिंडीतल्या दगडांवर आपटून तो घळीत गेला. खाली बॉटम बिलेला, म्हणजे गरज पडली तर खालून रोप ताणून उतरणाऱ्याला थांबवायला, बावीस वर्षांचा मुलगा होता. तो तेव्हापासून कुणाशी बोलत नाही. वहिनी, म्हणजे त्याची पत्नी, विचारतात, नेमकं काय झालं? आमचे काही ज्येष्ठ म्हणतात, दगड सुटला असं सांगा, गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं. वहिनींना सहा वर्षांची मुलगी आहे. काहींना पायथ्याशी संगमरवरी पाटी लावायची आहे. पुढचे ट्रेक चालू ठेवायचे की बंद, तेही ठरत नाही. – कार्यवाह, नाशिक जिल्हा

कार्यवाह ताई, नमस्कार.

‘दगड सुटला’ असं सांगू नका. ज्येष्ठांची माया कळते, पण हे खोटं टिकणार नाही. पंचनामा झाला आहे, पोलिसांनी रोप पाहिला आहे, खाली उभे असलेल्यांपैकी कुणी ना कुणी फोटो काढले आहेत. वहिनींना खरी गोष्ट आज ना उद्या कळणारच, आणि तेव्हा ती तुमच्या तोंडून नाही, दुसऱ्याच कुणाकडून कळेल. विम्याच्या कागदांवर एक कारण, पोलिसांच्या जबाबात दुसरं, असं झालं तर त्रास त्यांनाच होईल. आणि त्या बावीस वर्षांच्या मुलाला खरं ठाऊक आहे. त्याच्या दुःखावर खोटं सांभाळायचं ओझं आणखी कशाला लादता?

मात्र खरं सांगायचं तर पूर्ण सांगा. ‘त्याने गाठ मारली नाही’ एवढंच सांगितलंत, तर तेही अर्धंच होईल.

चौदा जण सिंगल रोपवर उतरले तेव्हा प्रत्येकाला वरून वेगळा बिले, म्हणजे वरच्याने धरलेला सुरक्षेचा दुसरा रोप, होता. डिसेंडरवरचा हात सुटला असता तरी बिलेच्या रोपने धरलं असतं. शेवटच्या माणसाला ही सोय नसते. त्याला वरचा पसारा आवरायचा असतो, रोप अँकरच्या (खडकातल्या पक्क्या आधाराच्या) स्लिंगमधून, म्हणजे पट्ट्याच्या फासातून, दुहेरी ओवायचा असतो, म्हणजे खाली उतरल्यावर तो ओढून घेता येईल. त्याच्या मांडणीवर दुसरी नजर टाकायला वर कुणी उरलेलं नसतं. दिवसभराचं ऊन अंगावर असतं आणि खाली सगळे वाट पाहत असतात. म्हणून ही जागा सगळ्यांत जाणत्याला देतात. वहिनींना हे कळलं पाहिजे की चौदा जणांना बिलेवर उतरवायचं म्हणून तो स्वतः बिलेशिवाय उतरणार होता. २०२० च्या जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंतांसारखा, अख्खी हयात सह्याद्रीत घालवलेला माणूस रॅपलिंगच्या, म्हणजे रोपवरून कडा उतरण्याच्या, मोहिमेतच गेला. अनुभवी माणसालाही या कामात सूट नसते.

आता रोपचा हिशेब. हा हिशेब संस्थेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा. ६० मीटरचा रोप बरोबर मध्यावर ओवला तर दोन्ही बाजूंना ३० मीटर येतो, म्हणजे २८ मीटरच्या टप्प्याला दोन मीटर शिल्लक राहतात. समजा मध्य सहा मीटरने चुकला. मग एक बाजू ३६, दुसरी २४. मध्य जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट फरक टोकांत पडतो. आखूड टोक जमिनीपासून चार मीटर वर लटकतं आणि लांब बाजूचा आठ मीटरचा ढीग खाली पडलेला दिसतो. खाली उभ्या असलेल्यांना तो ढीग दिसतो, आणि दोन्ही टोकं त्यातच असतील असं सगळे धरून चालतात. त्यात नायलॉनचा रोप धुतल्यावर काही टक्के आटतो. घेताना ६० मीटर असलेला रोप चार पावसाळ्यांनंतर ६० भरेलच असं नाही.

त्या मुलाच्या मनात एकच गोष्ट फिरत असणार: मी रोप ताणला असता तर. त्याला हे कागदावर आकृती काढून दाखवा, तोंडी सांगू नका. बॉटम बिलेने माणूस थांबतो, कारण खालून ताण दिला की दोन्ही पदर डिसेंडरमध्ये आवळतात. पण आखूड पदर डिसेंडरमधून निसटला की वरच्या स्लिंगमध्ये रोप धरून ठेवणारं काहीच उरत नाही. लांब पदराला लटकलेलं वजन तो मोकळा पदर स्लिंगमधून सरसर ओढून घेतं. खालच्या माणसाने लांब टोक जिवाच्या आकांताने धरलं असतं तरी रोप वरून सुटतच राहिला असता. त्या क्षणी त्याच्या हातात काही नव्हतं.

तो विचारेल, मग आधी? एकच टोक हातात आहे हे माझ्या लक्षात यायला नको होतं का? इथे त्याला खोटी समजूत घालू नका, ती त्याला लगेच कळेल. ‘दोन्ही टोकं हातात’ अशी हाक दिल्याशिवाय वरच्याने निघायचं नाही, हा नियम तुमच्या संस्थेत नव्हता. खाली चौदा जण होते आणि ढिगात हात घालून टोकं मोजायला कुणीच गेलं नाही. हे संस्थेकडून राहिलं. संस्थेच्या वतीने हे वाक्य त्याला अध्यक्षांनी समोर बसून सांगावं.

त्याच्यासाठी एक माणूस नेमा. त्याच्या वयाचा नको, त्याला जवळचा वाटणारा, शांत असा. रोज ठरलेल्या वेळी फोन किंवा भेट. जेवलास का, झोप लागली का, एवढं पुरे. ‘सांग ना काय झालं’ असं कुणीही विचारायचं नाही. सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाकडून तो प्रसंग वदवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती करू नका. सक्तीच्या एका बैठकीने असा आघात भरून येत नाही आणि काहींना उलट जास्त त्रास होतो. पहिले काही आठवडे झोप न लागणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं, रोप सरकल्याच्या आवाजाला दचकणं हे होतंच. महिना उलटूनही ते कमी होत नसेल, कामावर किंवा कॉलेजला जाणं बंद असेल, दारू सुरू झाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. ‘त्याच्याऐवजी मी जायला हवं होतं’ असं तो म्हणाला किंवा स्वतःचं सामान वाटून टाकायला लागला, तर महिन्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या. त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक सगळ्या सभासदांना द्या. रात्री दोन वाजता कोण जागं असेल हे आपल्याला माहीत नसतं.

वहिनींकडे दोघांनीच जा. एक जण त्या दिवशी तिथे असलेला आणि एक ज्येष्ठ. दहा जण गेलात तर त्यांनाच तुमचं सांत्वन करावं लागेल. आधी विचारा: ‘सगळं ऐकायचं आहे का, की आज थोडंच?’ मग क्रमाने सांगा. सकाळी काय खाल्लं, वर कधी पोचले, तो काय बोलला, तो कुठे उभा होता, रोप कसा लावला होता, मग काय झालं. ‘त्याला त्रास झाला का?’ हा प्रश्न येईलच. डॉक्टरांनी सांगितलेलं असेल तर तेच सांगा. नसेल तर ‘आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीत नव्हता’ असं जे प्रत्यक्ष पाहिलं तेवढंच. ‘चूक कोणाची?’ असं विचारलं तर म्हणा, रोप त्यानेच लावला होता, आणि तो तपासायला दुसरा माणूस ठेवायची पद्धत आम्ही पाडली नव्हती. दोन्ही वाक्यं एका दमात सांगा, पहिल्यावर थांबू नका.

‘त्याला डोंगरानेच बोलावलं’, ‘जिथे रमायचा तिथेच गेला’, ‘हवं तसं मरण आलं’ ही वाक्यं त्या घरात उच्चारू नका. त्याला असं मरण नको होतं. त्याला संध्याकाळी खाली उतरून चहा प्यायचा होता आणि रात्री घरी यायचं होतं.

त्याची सॅक तुमच्याकडेच असेल. आपल्याला वाटतं नीट धुऊन, घडी घालून द्यावी. धुऊ नका. जॅकेटला, टोपीला त्याच्या घामाचा वास आहे, आणि तो ठेवायचा की नाही हे वहिनींनी ठरवायचं. रक्त लागलेले कपडे वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा, त्या पिशवीत काय आहे ते आधी सांगा आणि हवे आहेत का विचारा. वरच्या कप्प्यातला टॉर्च, अर्धी उरलेली चिक्की, एसटीची तिकिटं तशीच राहू द्या. त्या दिवसाचे फोटो पेनड्राइव्हवर द्या, पण दोन फोल्डर करा. एकात आधीच्या मोहिमा आणि दुसऱ्यात तो दिवस, वर तारीख लिहून. नकळत शेवटचा फोटो समोर यायला नको. अपघातानंतरचे फोटो यात नकोत. ते सगळ्यांच्या मोबाइलमधून आणि ग्रुपमधून पुसायला सांगा. तपासासाठी लागतील तेवढे एकाच जबाबदार माणसाकडे राहू द्या.

मुलीबद्दल एकच सांगतो. ‘बाबा डोंगरावर राहिलेत’ असं तिला सांगू नये, कारण ती वाट पाहील. सहा वर्षांच्या मुलीला साध्या शब्दांत कळतं: बाबा उंचावरून पडले, त्यांना खूप लागलं, ते वारले, आता परत येणार नाहीत. ती तेच पाच वेळा विचारेल, पाचही वेळा तेच उत्तर द्यायचं. हे घरच्यांनी सांगायचं आहे, तुम्ही नाही. पण घरचे गोंधळले असतील तर वहिनींच्या कानावर घाला.

आता कागदपत्रं, कारण इथे तारखा आहेत. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली असेल (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४). नोंदीचा क्रमांक, पंचनाम्याची प्रत आणि शवविच्छेदन अहवाल मिळवायला वहिनींना ठाण्याचे हेलपाटे घालावे लागू नयेत. एका सभासदाने हे काम अंगावर घ्यावं. मृत्यूची नोंद मृत्यू झाला त्या ठिकाणी होते, राहत्या गावी नाही. ती तिकडे झाली आहे ना, हे आजच बघा, २१ दिवसांची मुदत तुमची संपत आली आहे. दाखल्याच्या दहा प्रती काढा.

मग त्याचं बँक पासबुक पाहायला सांगा. मे महिन्याच्या अखेरीस २० रुपये कापलेले दिसले तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. त्याचा अर्ज अपघातापासून ३० दिवसांत बँकेत द्यायचा असतो, म्हणजे तुमच्याकडे आठ-नऊ दिवस आहेत. ४३६ रुपये कापलेले दिसले तर पंतप्रधान जीवनज्योती विमा योजना, आणखी २ लाख. नोकरीत पीएफ कापला जात असेल तर त्याला जोडलेला ईडीएलआय विमा असतो, कमाल ७ लाखांपर्यंत. त्यासाठी कंपनीकडे विचारा. खासगी अपघात विम्यात गिर्यारोहण बऱ्याचदा वगळलेलं असतं. ते कलम वाचूनच अर्ज करा, नाहीतर वहिनींना नुसती आशा लागून राहील.

रोपचं काय केलंत, ते पत्रात नाही. पोलिसांनी मुद्देमाल म्हणून घेतला असेल तर पोच जपून ठेवा. संस्थेत असेल तर तो धुऊ नका, गाठी सोडू नका, गुंडाळी बदलू नका. आहे तसा फोटो काढा, सुती पिशवीत घाला, तारीख लिहून कुलुपात ठेवा. त्याचं हार्नेस, डिसेंडर, कॅराबिनरही तसंच. यातली एकही वस्तू पुन्हा कुणाच्या कमरेला लागता कामा नये. वरची स्लिंग आणि अँकर कुणी पाहण्याआधी काढू नका.

अहवाल लिहा, आणि तो लवकर. तिथल्या प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता आपापला लिहायचा. तीन आठवडे उशीर झाला आहे, तरी लिहा. पान तीन रकान्यांत आखून द्या: मी पाहिलं, मी ऐकलं, मला वाटलं. गडबड बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यातलं पहिल्यात गेल्याने होते. मुलगा तयार नसेल तर त्याला यातून वगळा, त्याचं पान नंतर जोडता येईल. एकत्र जुळवायला दुसऱ्या संस्थांतले दोन जाणते बोलवा. रोप फुटपट्टीने नाही, टेपने मोजा, मध्याची खूण खऱ्या मध्यापासून किती दूर आहे ते आकड्यात लिहा. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द वापरू नका. तो निकाल आहे, निरीक्षण नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये (निष्काळजीपणाने मृत्यू) त्याला वेगळंच वजन आहे. वकिलाला मसुदा दाखवा, पण वकिलाच्या धाकाने अहवाल कपाटात टाकू नका. पूर्ण झाला की पहिली प्रत वहिनींना आणि नंतर अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाला द्या, म्हणजे तो इतर संस्थांपर्यंत पोचेल.

अहवालाच्या शेवटी बदल लिहावे लागतील. प्रत्येक टोकाला वेगळी स्टॉपर गाठ, म्हणजे डिसेंडरमधून टोक निसटू न देणारी, तिला फूटभर शेपूट. दोन्ही टोकं एकत्र बांधली तर रोपला पीळ बसतो. ही गाठ लोक टाळतात, कारण रोप फेकताना ती कारवीत नाहीतर कपारीत अडकते, आणि खाली आल्यावर सोडायची राहिली तर रोप ओढताना वर गुंतते. म्हणून नुसता नियम लिहून भागणार नाही. शेवटून दुसऱ्या माणसाने त्याच दुहेरी रोपवरून उतरायचं, लास्ट मॅन वर असेपर्यंत रोप अँकरला बांधलेला ठेवायचा. त्याने खाली पोचून दोन्ही टोकं हातात धरून हाक द्यायची. मगच वरच्याने बांधलेला रोप सोडायचा. असं केलं की मांडणी एका माणसाने उतरून तपासलेली असते. प्रुसिक (रोपभोवती गुंडाळलेला, ताण आला की आवळणारा बारीक दोरीचा फास) वापरा, पण त्याच्या भरवशावर टोकाची गाठ टाळू नका. टोकाला गाठ नसेल तर प्रुसिकही त्याच टोकावरून निसटतो. मध्याची खूण दर पावसाळ्यानंतर टेपने मोजून नव्याने करा, रोपसाठी मिळणाऱ्या शाईनेच.

पायथ्याच्या गावात जाऊन या. बांबूची झोळी करून ज्यांनी त्याला घळीतून बाहेर काढलं, त्यांनीही ते पाहिलं आहे, त्यांच्याकडे कुणी विचारपूस करायला जात नाही. कुणाची घोंगडी त्यात गेली असेल, तर नवी घेऊन जा. पाकीट देऊन परत फिरू नका, ओसरीवर बसा.

पाटी लावू नका. सुळका वनखात्याच्या जमिनीवर असेल तर परवानगी लागेल. गडाचा भाग संरक्षित असेल तर १९५८ चा केंद्राचा किंवा १९६० चा राज्याचा पुरातत्त्व कायदा आड येतो. परवानगी मिळाली तरी नको. संगमरवराला दोन पावसाळ्यांत शेवाळ चढेल, कुणीतरी त्यावर नाव कोरेल, आणि वहिनी कधी तिथे गेल्याच तर त्यांना ते पाहावं लागेल. पैसे जमलेच असतील तर त्या गावात ठेवायला एक घडीचं स्ट्रेचर घ्या, किंवा दरवर्षी एका होतकरू मुलाला वा मुलीला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या २८ दिवसांच्या बेसिक कोर्सला पाठवा. त्याचं नाव द्यायचं असेल तर वहिनींना विचारून.

श्रद्धांजली सभा अजून झाली नसेल तर घ्या, तासाभराची. चार-पाच जणच बोलतील आणि प्रत्येकी पाच मिनिटं. अपघाताची चिकित्सा तिथे नको, ती अहवालात आहे. कड्यावर लटकलेला त्याचा फोटो लावू नका. चहाचा कप हातात असलेला, हसणारा कुठला तरी असेलच.

आणि ट्रेक. सुळके आणि रॅपलिंग अहवाल पूर्ण होईपर्यंत बंद, पण चालणं बंद करू नका. लोकांना एकमेकांसोबत चालल्याशिवाय बोलता येत नाही. पुढच्या रविवारी रामशेज किल्ल्यावर जा. रोप नको, सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी. कुणाला यायचं नसेल तर आग्रह करू नका, ‘का आला नाहीस’ असंही विचारू नका. त्या मुलाला बोलावणं जाऊ द्या, येण्या-न येण्याचं त्याच्यावर सोडा.

निघण्याआधी एक गोष्ट गाडीतच ठरवा: रांगेत शेवटी कोण चालणार. इतकी वर्षं तुमच्या प्रत्येक ट्रेकला तिथे तोच असणार, त्यामुळे हे कुणी ठरवलंच नसेल. ठरवलं नाहीत तर पहिल्या वळणावर सगळे थांबून मागे पाहतील. दोघांची नावं घ्या, दोघांनी बरोबर चालायचं, शिट्टी एकाकडे आणि प्रथमोपचाराची पेटी दुसऱ्याकडे.